एक पाय जास्त

शब्द लांबलचक होता. फळ्याच्या या टोकापासून
त्या टोकाला जाईपर्यंत खडू मोडला.
खिलाडूवृत्ती.
दुसरीतल्या अकरा मुलांनी तो अकरा तऱ्हांनी लिहिला
आणि हुजैफाने विचारलं,
"बाई, ही खंय गावता?"

मी घाटावरची. गावता म्हणजे सापडते,
हे कळायलाच मला एक पावसाळा लागला होता.
कुठे सापडते, ते अजून माहीत नव्हतं.
म्हटलं, चला, ओहोटी लागलीय.

शाळेला अंगण आहे, पण ते
सरांची मोटरसायकल आणि टिकमांच्या सुक्या जवळ्याने
आपसात वाटून घेतलंय.
आमचं मैदान समुद्र काढून देतो
आणि काही न विचारता परत नेतो.
टाचेने चौकोन आखायचा,
चार कोपऱ्यांना चार करवंट्या,
सुरूच्या सावलीत चपलांचा ढीग.

लंगडी.
मंथन टिकम आत शिरला,
जीभ दातांत धरलेली, चड्डी एका हाताने सावरत.
ओल्या वाळूवर त्याची पावलं उमटत गेली,
उजवा, उजवा, उजवा,
रुजुता बाद, शिवानी बाद,
उजवा, उजवा,
मग कोपऱ्यातल्या करवंटीपाशी तो डुगडुगला
आणि
एक डावा.

इवलासा. पाचही बोटं नीट उठलेली,
टाचेच्या खळग्यात पाणी झिरपायला लागलेलं.
सगळा आरडाओरडा दुसऱ्या कोपऱ्यात होता.
त्याने इकडेतिकडे पाहिलं,
मागे उडी मारली
आणि त्या डाव्यावर आपला उजवा नेमका बसवला.

शिट्टी माझ्या तोंडातच होती.
वाजली नाही.

त्याचं असं आहे, की नववीत असताना
तालुक्याच्या खो-खोत, शेवटच्या मिनिटाला
माझी बोटं एका मुलीच्या पाठीपासून
चांगली वीतभर लांब होती.
पंचांनी तिला बाद दिलं.
तिच्या पाठीवर सात आकडा होता. तिने वळून
माझ्याकडे पाहिलं, काही बोलली नाही,
आणि मला तर तेव्हा सगळ्यांनी उचललंच होतं.
तो कप अजून आईच्या शोकेसमध्ये आहे,
प्लॅस्टिकच्या गुलाबांशेजारी.

मंथनचा गट एका गुणाने जिंकला.
हात मिळवा म्हटल्यावर मुलांनी हात मिळवले,
मंथनने आपला आधी चड्डीला पुसला, दोनदा.

दुसऱ्या दिवशी ओहोटी पाऊण तास उशिराने आली.
ती रोजच तशी येते, मला उगाच वाटलं
कुणासाठी तरी थांबली असेल.
मी चौकोन आखत होते. मागून आवाज,
"बाई, काल माजो एक पाय जास्ती पडलो."

"खंय?" रुजुता लगेच कमरेवर हात ठेवून.
त्याने जागा दाखवली.
तिथे काहीच नव्हतं. समुद्र मधल्या वेळात
दोनदा येऊन गेला होता,
आणि खेकड्यांनी वाळूच्या गोळ्या मांडल्या होत्या.
तरी सगळे वाकून बघत राहिले
त्या नसलेल्या पावलाकडे.

मग भांडण झालं, ते व्हायचंच.
रुजुता म्हणे, मगे काल आमी जिंकलाव.
मंथनच्या गटातला देवांग रडायलाच लागला,
कारण त्याने घरी आजोबांना सांगून
बक्षिसाचे दहा रुपये घेतले होते, आणि खाल्लेही होते.
हुजैफा म्हणाला, कालचो खेळ पाण्यात गेलो,
आता परत मांडा.

शाबास माझ्या ओठांवर आलं होतं.
गिळलं. ते द्यायला
माझ्याजवळ सुटे नव्हते.
"मंथन, तू आख रे चौकोन," एवढंच म्हणाले.
त्याने आखला. एक बाजू तिरकी आली,
कुणी काही बोललं नाही.

रात्री आईला फोन केला.
"शोकेसमधला तो कप आहे ना..."
"आहे की," ती म्हणाली, "काळा पडलाय जरा.
घासून ठेवू का?"

पलीकडे भरती लागल्याचा आवाज येत होता.
"नको," मी म्हटलं. "आधी ऐक."